आईचा टॅब आणि फोन वायरशिवाय जोडायचा आहे, सल्ला हवा (महाल, नागपूर)

फुटाळाकाठ
नमस्कार मंडळी. आई महालात, बडकस चौकाजवळच्या जुन्या घरी राहते. वय ७२. फोनवरची अक्षरं आता दिसत नाहीत म्हणून आम्ही भावंडांनी तिला दहा इंची टॅब घेऊन दिला. अँड्रॉइड आहे, पण सिम टाकायची सोय नाही, नुसता वायफायवाला. फोनही अँड्रॉइडच, रोज दीड जीबीचा पॅक. घरी ब्रॉडबँड नाही.

तिला हवंय ते एवढंच: सकाळी पेपर, दुपारी यूट्यूबवर कीर्तन, संध्याकाळी नातवंडांशी व्हिडिओ कॉल, आणि फोनमधले फोटो टॅबवर मोठे करून बघायला.

मी दोन्ही ब्लूटूथने पेअर केले. दोन्हीकडे नाव दिसतं, खाली 'पेअर्ड' येतं, पण पुढे काहीच होत नाही. हॉटस्पॉट लावला तर चालतो, पण थोड्या वेळाने बघावं तर बंद पडलेला. ती मागच्या खोलीत गेली की टॅबला नेटच मिळत नाही. दरवेळी सेटिंगमध्ये शिरणं तिला जमत नाही आणि मला लांबून समजावता येत नाही. एकदाच नीट लावून द्यायचंय. ब्रॉडबँड घ्यावाच लागेल का?

झिरो_माईल
ताई, आधी ब्लूटूथचं सांगतो, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. पेअरिंग म्हणजे दोन उपकरणांची फक्त ओळख. हेडफोन जोडला की लगेच 'कनेक्टेड' येतं, कारण त्याचं काम ठरलेलं असतं, आवाज ऐकवायचं. फोन आणि टॅबमध्ये असं कुठलंच काम आपोआप सुरू होत नाही. ते तुम्हाला सांगावं लागतं. त्यामुळे तुमच्याकडे काही बिघडलेलं नाही.

ब्लूटूथवरून नेट द्यायचं असेल तर फोनच्या हॉटस्पॉटच्याच पानावर 'ब्लूटूथ टेदरिंग' आहे, ते चालू करा. मग टॅबच्या ब्लूटूथ यादीत फोनच्या नावापुढचं गिअरचं चिन्ह दाबा, तिथे 'इंटरनेट ॲक्सेस' चालू करा. नेट सुरू होईल, फोनची बॅटरीही कमी खाईल. पण वेग अगदी मर्यादित, कागदावर ३ एमबीपीएस आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. पेपर वाचायला, व्हॉट्सॲपच्या मेसेजला पुरेल. कीर्तनाचा व्हिडिओ अडखळेल आणि व्हिडिओ कॉल तर नकोच.

म्हणून तुमच्या कामाला वायफाय हॉटस्पॉटच बरा. तो बंद का पडतो, तर जवळपास सगळ्या फोनांत 'कोणी जोडलेलं नसेल तर आपोआप बंद करा' असा पर्याय असतो आणि तो आधीपासून चालूच येतो. आईंनी टॅब बाजूला ठेवला, स्क्रीन झोपली, टॅबने वायफाय सोडलं, की फोन म्हणतो इथे कोणीच नाही आणि हॉटस्पॉट बंद करतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन तेवढा पर्याय बंद करा. अर्धं दुखणं तिथेच संपेल.

वर्धारोडवाला
ताई, कायले एवढा ताप करून राहिल्या. फायबर घेऊन टाका न. महिन्याचे चारशे-पाचशे रुपये अन् वरून जीएसटी. आमच्या मावशीकडे तेच केलं, आता तिले फोन कुठं ठेवला याचंही टेन्शन नाही. फक्त राउटरले छोटा यूपीएस लावा, बारा व्होल्टवाला भेटते बर्डीच्या बाजारात. नाहीतर लाइन गेली का नेट गेलं, अन् आपल्याकडं लाइन नेमकी दुपारीच जाते.

महालकर
मी तिथलाच. जुन्या घरांच्या भिंती दीड-दीड हात जाड असतात, त्यामुळे मागच्या खोलीचं कोडं मला लगेच कळलं.

हॉटस्पॉट दोन बँडवर चालतो, २.४ गीगाहर्ट्झ आणि ५ गीगाहर्ट्झ. पाचवाला वेगवान, पण भिंत आली की लगेच दमतो. २.४वाला जरा सावकाश, पण भिंतीतून बराच पलीकडे जातो. आईंच्या घरी २.४ ठेवा. कीर्तनाला आणि कॉलला त्याचा वेग भरपूर झाला. यात आणखी एक फायदा आहे. स्वस्तातल्या काही टॅबना ५ गीगाहर्ट्झ दिसतच नाही. फोनवर हॉटस्पॉट चालू असतो आणि टॅबच्या यादीत नावच येत नाही, मग माणूस पासवर्ड बदलत बसतो. सुरक्षेच्या जागी 'डब्ल्यूपीए३' निवडलेलं असेल तर जुन्या टॅबचं तेच होतं, तिथे 'डब्ल्यूपीए२' करा.

दुसरं म्हणजे फोन कुठे ठेवता ते बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसतो. पत्र्याचा डबा आणि त्यात पाण्याची टाकी, दोन्ही सिग्नलला आडवे येतात, त्यातही पत्रा जास्त. फोन कूलरच्या एका अंगाला आणि टॅब दुसऱ्या अंगाला असेल तर मधे भिंत नसूनही नेट तुटतं. गोदरेजच्या कपाटामागे फोन चार्जिंगला लावला तरी तसंच. माझ्या घरी ओसरीच्या कोनाड्यात फोन ठेवतो. तिथे टॉवरही बरा मिळतो आणि माजघराचं दार उघडं असलं की हॉटस्पॉट थेट आतपर्यंत पोचतो. दाराच्या रेषेत ठेवणं महत्त्वाचं, भिंतीच्या नाही. आईंच्या घरी टॅब हातात धरून, वायफायच्या रेघा बघत एक फेरी मारा. जागा सापडेल.

तांबडी_माती
व्हॉट्सॲपबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. त्याच्यासाठी फोन आणि टॅब एकमेकांना जोडायची गरजच नाही. टॅबवर व्हॉट्सॲप टाका, 'या डिव्हाइसला जोडा' निवडा, क्यूआर कोड येईल. फोनवर 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन तो स्कॅन करा. नंबर तोच राहतो. एका खात्यावर फोन सोडून चार उपकरणं चालतात. एकदा जोडलं की फोन बंद असला तरी टॅबवरचं व्हॉट्सॲप चालतं, टॅबला नेट तेवढं हवं. फक्त फोनवरचं व्हॉट्सॲप १४ दिवस उघडलंच नाही तर जोडलेली उपकरणं सुटतात, ते लक्षात असू द्या.

याने तुमचा फोटोंचाही निम्मा प्रश्न सुटेल. नातवंडांचे फोटो व्हॉट्सॲपवरच येत असतील तर ते टॅबवर आपोआप दिसतील. पाठवापाठवी कशाला?

फुटाळाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. तांबडी_माती ताई, हे मला माहीतच नव्हतं, आजच करते.

वर्धारोडवाला भाऊ, फायबरचं भावाशी बोलले. तो म्हणतो आधी उन्हाळाभर हॉटस्पॉटवर बघू. आईला घरात खणाखणी, भिंतीला भोकं नको आहेत.

दोन शंका. एक, आईने फोनच्या कॅमेऱ्यातून काढलेले फोटो आणि मामाच्या कीर्तनाचे व्हिडिओ टॅबवर कसे न्यावेत? ब्लूटूथने पाठवून बघितलं, पण एक व्हिडिओ जाताजाता चहा होऊन गेला. दोन, दीड जीबी दुपारीच संपतो. फोनवर कीर्तन बघायची तेव्हा संध्याकाळपर्यंत पुरायचा. टॅब काही जास्तीचं खातो का?

झिरो_माईल
हो ताई, खातो, आणि कारण साधं आहे. यूट्यूबमध्ये दर्जाची सेटिंग मोबाइल डेटासाठी वेगळी आणि वायफायसाठी वेगळी असते. टॅबच्या दृष्टीने तुमचा हॉटस्पॉट म्हणजे वायफाय. त्याला वाटतं घरचं नेट आहे, मोठी स्क्रीन आहे, मग तो भारी दर्जाचं चित्र मागवतो. टॅबवरच्या यूट्यूबमध्ये 'व्हिडिओ क्वालिटी प्रेफरन्सेस' उघडा आणि वायफायखाली 'डेटा सेव्हर' निवडा. ४८०पी, म्हणजे मध्यम दर्जाच्या चित्राला, साधारण अर्धा जीबी तासाला धरा. कीर्तनात बुवांचा चेहरा आणि टाळ-मृदंगवाले दिसले म्हणजे झालं, त्याला एवढा दर्जा पुष्कळ आहे.

मग टॅबच्या वायफाय यादीत आईंच्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन तो 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाचा, आहे असं नोंदवा. बरेच अँड्रॉइड फोन हे आपणहून कळवतात, पण खात्री करून घ्या. मीटर्ड म्हटलं की टॅब मागच्या मागे मोठे अपडेट उतरवत नाही. प्ले स्टोअरमध्येही ॲप आपोआप अपडेट होणं बंद करा, आणि गूगल फोटोजचा बॅकअप टॅबवर बंद ठेवा. तुमच्याकडे कोणी ब्रॉडबँडवाला असेल तर महिन्यातून एकदा टॅब तिकडे नेऊन सगळे अपडेट करून आणायचे.

महालकर
फोटो-व्हिडिओसाठी अँड्रॉइडमधलंच क्विक शेअर वापरा. आधी याला निअरबाय शेअर म्हणत. २०२४ च्या जानेवारीत गूगलने आणि सॅमसंगने आपापलं एकत्र केलं आणि सॅमसंगवालं नाव ठेवलं. हे ब्लूटूथने फक्त समोरचं उपकरण शोधतं, खरी फाइल वायफायवरून थेट फोनमधून टॅबमध्ये जाते. डेटा पॅकमधलं काही जात नाही. ज्या दोनशे एमबीच्या व्हिडिओला ब्लूटूथवर दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात, तो इथे मिनिटाच्या आत येतो.

दोन्हीकडे वायफाय आणि ब्लूटूथ चालू हवं. टॅबवर आईंचंच गूगल खातं टाका आणि क्विक शेअरमध्ये 'माझी डिव्हाइसेस' निवडा. मग टॅबवर 'स्वीकारायचं का' हे विचारलंच जात नाही, फाइल थेट येते. एका खात्याचा हा मोठा आराम आहे. आईंना फक्त फोटो धरून ठेवायचा, शेअरचं चिन्ह, क्विक शेअर, टॅबचं नाव. मी माझ्या आईला कागदावर चार चित्रं काढून दिली होती, बोटाने कुठे दाबायचं ती. फोनच्या कव्हरमागे तो कागद असतो.

एक कळकळीने सांगतो. कोणी फाइल पाठवायला शेअरइट किंवा झेंडर ही ॲप टाकून देतो म्हणालं तर नको म्हणा. दोन्हींवर जून २०२० मध्ये सरकारने बंदी घातली आहे, आणि दुकानदाराकडून किंवा कुठल्या तरी लिंकवरून घेतलेल्या फाइलीतून काय येईल याचा भरवसा नाही. वयस्कर माणसाच्या फोनात बँकेचे मेसेज येतात, तिथे असली ॲप नकोतच.

नंदनवन_सायली
माझ्या सासूबाईंकडे फोन आयफोन आणि टॅब अँड्रॉइड आहे, म्हणून असं असलेल्यांसाठी लिहिते. आयफोन १२ आणि पुढच्यांत पर्सनल हॉटस्पॉटमध्ये 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' नावाचं बटण आहे. ते चालू केलं की हॉटस्पॉट २.४ वर येतो आणि जुना टॅब त्याला ओळखतो. पहिल्यांदा जोडताना आयफोनवर हॉटस्पॉटचं पान उघडंच ठेवायचं, नाहीतर टॅबला नाव दिसत नाही. फाइलींसाठी आम्ही लोकलसेंड नावाचं ॲप वापरतो. फुकट आहे, जाहिराती नाहीत, दोन्ही एकाच वायफायवर असले की पुरे, मग तो आयफोनचा हॉटस्पॉट का असेना.

वर्धारोडवाला
ताई, फायबर नसन घ्यायचं तर एक सांगतो. फोन अन् टॅब दोन्ही सॅमसंगचे असतील तर दोन्हीत एकच सॅमसंग खातं टाका अन् फोनच्या हॉटस्पॉटमध्ये 'ऑटो हॉटस्पॉट' चालू करा. हॉटस्पॉट बंद असला तरी टॅबच्या वायफाय यादीत फोनचं नाव दिसते, दाबलं का जोडल्या जाते. पासवर्ड नाही, काही नाही. बाकी कंपनीच्या फोनात गूगलच्या सेटिंगमध्ये 'क्रॉस-डिव्हाइस सर्व्हिसेस' पाहून घ्या, असल्यास तिथं इन्स्टंट हॉटस्पॉट भेटन. आईले फोनले हातच लावा लागणार नाही.

फुटाळाकाठ
शनिवारी आईकडे जाऊन बरंचसं लावून आले. दोन्ही सॅमसंगचेच निघाले, त्यामुळे वर्धारोडवाला भाऊंचं ऑटो हॉटस्पॉट कामी आलं. बँड २.४ केला, यूट्यूब डेटा सेव्हरवर टाकलं. फोन आता देवघराशेजारच्या कोनाड्यात असतो, तिथून मागच्या खोलीत तीन रेघा येतात. व्हॉट्सॲपवर नातीशी टॅबवरून बोलली, तिचे दात दिसले म्हणून आई फार खूश झाली.

आता एकच काळजी. दुपारी कीर्तन चालू असताना फोन चांगलाच तापतो. एप्रिलमध्ये हे, तर मे महिन्यात काय होईल? काही धोका आहे का?

झिरो_माईल
काळजी घ्यायलाच हवी ताई. हॉटस्पॉट चालवताना फोन एकीकडे टॉवरशी बोलतो, दुसरीकडे वायफाय सोडतो, तापणारच. बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला केलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ चढतो, पत्र्याखालच्या खोल्यांतही पारा फार खाली येत नाही. बॅटरीचं आयुष्य उष्णतेने कमी होतं. फोन फार तापला तर तो आपणच वेग कमी करतो किंवा चार्जिंग थांबवतो, त्याला घाबरू नका.

करायचं एवढंच. हॉटस्पॉट चालू असताना चार्जिंग नको. सकाळी फोन भरून घ्यायचा आणि कीर्तन संपल्यावर पुन्हा लावायचा. दुपारी कव्हर काढून ठेवायचं. कोनाडा बंद असेल, मागे भिंत तापत असेल तर फोन बाहेर स्टुलावर ठेवा, खाली कापड नको. कूलरचा वारा लागू द्या, पण झोताच्या अगदी तोंडाशी नको, तिथे हवेत ओल असते. आणि रोजच्या दोन तासांच्या कीर्तनाचे भाग तुमच्या घरच्या वायफायवर यूट्यूबवरून ऑफलाइन उतरवून टॅबमध्ये ठेवता आले तर दुपारभर हॉटस्पॉटच लागणार नाही. काही व्हिडिओंना उतरवायचा पर्याय मिळतो, काहींना नाही. टॅब अधूनमधून नेटवर आला म्हणजे ते टिकून राहतात.

महालकर
त्या उतरवण्याला जागा लागेल. टॅबला मेमरी कार्डाचा खाचा आहे का बघा ताई. असेल तर ६४ जीबीचं कार्ड टाका आणि यूट्यूबच्या डाउनलोड सेटिंगमध्ये 'एसडी कार्ड वापरा' करा. कार्ड बिलासकट घ्या, नकली फार येतात.