मदत हवी आहे: रिकामा प्लाझ्मिडही चमकतोय!

नमस्कार मंडळी, मी बडोद्यात पीएचडी करतेय. विश्वामित्रीकाठच्या मातीतून मिळालेल्या स्यूडोमोनास जिवाणूमध्ये एका जीनचा प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा भाग) जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जीनपुढे जोडून रिपोर्टर प्लाझ्मिड (जीन किती चालू आहे ते चमकून दाखवणारा डीएनएचा छोटा गोल तुकडा) घातलाय. लोह कमी पडलं की हा जीन जागा होतो, तेच मोजायचंय.

घोळ असा, की प्रमोटर नसलेला कंट्रोल प्लाझ्मिडही जवळजवळ तेवढाच हिरवा दिसतो. ओडीने (पेशींच्या दाटपणाच्या मापाने) भागूनही तेच. मला संशय पायोव्हर्डिन या लोह पकडणाऱ्या रंगद्रव्याचा आहे. लोह कमी झालं की हा जंतू ते स्वतःच बनवतो, आणि तेही ४०० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात हिरवट चमकतं. माध्यमात लोह घातलं तर पायोव्हर्डिन थांबेल, पण मग माझा जीनही झोपणार! इकडे आड, तिकडे विहीर.

पेशी धुऊन मोजल्यावर थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. आता जीएफपीऐवजी एमचेरी (लाल चमकणारं प्रथिन) घ्यावं का? त्याचं उत्सर्जन ६१० नॅनोमीटरला, म्हणजे हा गोंधळ टळावा. पण ते परिपक्व व्हायलाही (म्हणजे चमकू लागायला) ऑक्सिजन लागतो आणि माझ्या ९६ खणांच्या प्लेटमध्ये हलवणं यथातथाच, म्हणजे हवा कमीच मिळते. की पायोव्हर्डिन न बनवणारा म्यूटंट (जीन बदललेला जिवाणू) आधी करावा?

कोणी स्यूडोमोनासमध्ये हे केलं असेल तर प्लीज सांगा. गाईडसोबतची मीटिंग सोमवारी आहे. दांडिया बाजारात भेटलात तर सेव-उसळ माझ्याकडून.