बुडोकान १९६६: गडद सूट की फिकट सूट? त्या रात्री टीव्हीवर नक्की काय दाखवलं?

मुक्ता_गुहागर

नमस्कार मंडळी. प्रश्न ‘बीटल्स’ या ब्रिटिश बँडच्या पहिल्या (आणि शेवटच्याही) जपान दौऱ्याबद्दल, टोकियोच्या बुडोकान सभागृहातल्या कार्यक्रमाबद्दल आहे. जाणकार असतील तर कृपया सांगा, कारण मला हे खरंच नीट समजून घ्यायचं आहे.

माझे बाबा मर्चंट नेव्हीत फिटर होते. १९८६ साली त्यांचं जहाज योकोहामाला लागलं, तेव्हा त्यांनी एक व्हीएचएस कॅसेट आणली. वर जपानी अक्षरं, आणि खाली बाबांनी बॉलपेनने लिहिलेलं ‘बीटल्स जपान ६६’. गुहागरला आमच्याकडे तेव्हा भारतीय बनावटीचा टीव्ही होता आणि व्हीसीआर बाबांनी बाहेरूनच आणलेला. कॅसेट लावली की चित्र खालून वर सरकत राहायचं. बाबा टीव्हीच्या मागे हात घालून एक बटण फिरवत बसायचे, मी समोरून ‘थांबलं, थांबलं!’ म्हणून ओरडायचे. चित्र थांबायचं, पण काळं-पांढरंच दिसायचं. मला वाटायचं, १९६६ चं आहे म्हणजे तसंच असणार.

त्या कॅसेटमध्ये चौघांचे कोट गडद होते आणि गाता गाता माइक बाजूला पळायचा. बाबा दर वेळी बोट दाखवायचे, ‘बघ, परत पळाला.’ समोर खाली प्रेक्षकच नव्हते, मोकळी जमीन. लोक सगळे वर, लांब.

बाबा गेल्या वर्षी गेले. त्यानंतर मी इंटरनेटवर तो कार्यक्रम शोधला तर मला दोन मिळाले. एकात गडद कोट, दुसऱ्यात फिकट. दोन्हींवर ‘बुडोकान १९६६’ असंच लिहिलंय. आणि दोन्ही रंगीत! मग जपानमध्ये त्या वेळी टीव्हीवर दाखवलं ते कोणतं? रंग नंतर भरलेत का? आणि समोरची जागा रिकामी का ठेवली होती?

सुमिदाकाठी

मुक्ता, मी गेली चौदा वर्षं टोकियोत राहते, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकते.

कुदानशिता स्टेशनातून बाहेर पडून चढ चढलं की खंदकापलीकडे बुडोकानचं अष्टकोनी छप्पर दिसतं, वर सोनेरी कांद्यासारखा कळस. ही वास्तू १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये ज्युडोसाठी बांधली. म्हणजे बीटल्स आले तेव्हा ती दोन वर्षांचीसुद्धा झाली नव्हती, आणि मार्शल आर्टच्या पवित्र जागेत हे केसाळ पोरगे नाचणार म्हणून उजव्या गटांनी रस्त्यावर ‘परत जा’चे फलक धरले होते. धमक्याही आल्या होत्या. त्यामुळे पोलिसांनी अति कडक बंदोबस्त केला. मधली संपूर्ण जमीन मोकळी ठेवली, लोकांना फक्त वरच्या सज्जांमध्ये बसवलं, मंच उंच बांधला. जागेवरून उठायचं नाही ही सक्त ताकीद.

माझ्या घरमालकीणबाई तेव्हा माध्यमिक शाळेत होत्या. बऱ्याच शाळांनी मुलांना कार्यक्रमाला जायला बंदी केली होती, त्यांच्याही. तिकीट २१००, १८०० आणि १५०० येन, आणि तेही सोडतीत नाव निघालं तर. त्यामुळे त्यांच्यासारख्यांना टीव्ही हा एकच मार्ग होता. त्या सांगतात की कार्यक्रम सुरू झाला तो गाण्याने नाही. आधी हानेदा विमानतळावरून येणारी गाडी दिसली. पहाटेचा रिकामा एक्सप्रेसवे, पुढेमागे पोलिसांच्या गाड्या, आणि त्यावर ‘मिस्टर मूनलाइट’ची ती सुरुवातीची एकट्या आवाजातली हाक. इथे त्या वयाच्या कुणालाही विचारा, हे दृश्य आठवतंच. बाईंना गाण्यांचा क्रम आठवत नाही, पण तो रस्ता आठवतो.

विमान उशिरा आलं ते वादळामुळे. टायफून क्रमांक ४. बीटल्सना अलास्कातल्या अँकरेजला बरेच तास थांबावं लागलं आणि २९ जूनला पहाटे पावणेचारच्या सुमारास ते हानेदाला उतरले. अंगात जपान एअरलाइन्सचे ‘हाप्पी’, म्हणजे इथल्या उत्सवात घालतात तसले आखूड अंगरखे. विमानातल्या हवाईसुंदरीने ते घालायला लावले होते. वेळेवर आले असते तर उजेडात, गर्दीत आले असते. अंधारात आले म्हणून ते चित्रण असं झालं.

वरळीचा_ध्वनिवाला

मुक्ता, आधी तुझ्या बाबांना नमस्कार. व्हर्टिकल होल्डचं (सरकणारं चित्र थांबवायचं) बटण फिरवत ज्याने हा कार्यक्रम पाहिला, त्याने तो खरा मन लावून पाहिला.

मी एकतीस वर्षं टीव्हीत ध्वनी विभागात काम केलं. स्टुडिओ आणि ओबी व्हॅन (बाहेरच्या कार्यक्रमांच्या मुद्रणाची गाडी) दोन्ही. म्हणून मी माइकपासून सुरुवात करतो, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या माइकमध्येच आहे.

बुडोकानला एकूण पाच कार्यक्रम झाले. ३० जूनला संध्याकाळी एक, १ आणि २ जुलैला दुपारी एक आणि संध्याकाळी एक. निप्पॉन टीव्हीने ३० जूनचा पहिला कार्यक्रम मुद्रित केला. त्यात गडद सूट आहेत. त्या संध्याकाळी पुढच्या माइकचे स्टँड स्थिर राहत नव्हते. पॉल गातोय आणि माइक हळूहळू तोंड फिरवतोय, मग तो गिटारवरचा हात काढून माइक ओढून घेतो, परत दोन ओळींनंतर तेच. जॉर्ज एकटा गातो त्या गाण्यात तर बघवत नाही. गाताना दोन्ही हात गिटारवर असतात, तिसरा हात आणायचा कुठून? गायकाने तोंड माइकच्या मागे मागे न्यायचं की तार दाबायची? स्टँडचा सांधा नीट आवळलेला नसेल आणि मंचाच्या फळ्या पायाच्या ठेक्याने हलत असतील, तर माइक फिरणारच. आमच्याकडे कार्यक्रमाआधी प्रत्येक स्टँडला हाताने झटका देऊन बघायचा नियम मी स्वतः घातला होता, आणि तो ही टेप पाहिल्यानंतरच घातला.

मॅनेजर ब्रायन एपस्टाइन यांना ते मुद्रण पसंत पडलं नाही असं सांगतात. मग १ जुलैला दुपारी २ चा कार्यक्रम पुन्हा मुद्रित केला. फिकट सूट, माइक जागेवर. आणि त्याच रात्री ९ ते १० तो निप्पॉन टीव्हीवरून प्रक्षेपित झाला. मधल्या वेळात संध्याकाळचा साडेसहाचा कार्यक्रमही झाला होता! दुपारी २ ला मुद्रण आणि रात्री ९ ला प्रक्षेपण, त्यात सुरुवातीचं विमानतळाचं नि रस्त्याचं चित्रण जोडायचं. १९६६ साली व्हिडिओटेप दोन इंच रुंदीची, संकलन आजच्यासारखं बटणावर नव्हतं. त्या संध्याकाळी त्या संकलन खोलीत काय धावपळ झाली असेल याची मला कल्पना आहे, आणि ती माणसं कोण होती हे फारसं कुणी विचारत नाही याचं वाईट वाटतं.

तर उत्तर: त्या रात्री जपानने पाहिला तो फिकट सूटवाला. अर्ध्याहून जास्त टीव्ही त्या तासाला त्याच वाहिनीवर होते. तुझ्या बाबांकडची कॅसेट आहे नाकारलेल्या मुद्रणाची. ते नंतर कित्येक वर्षांनी जपानमध्ये दाखवलं गेलं आणि कॅसेटवरही आलं.

रंग नंतर भरलेले नाहीत. मूळ मुद्रण रंगीतच होतं. जपानमध्ये रंगीत प्रक्षेपण १९६० पासून होतं, फक्त रंगीत संच फार थोड्या घरांत होते, त्यामुळे बहुतेक जपान्यांनीही तो कार्यक्रम तुझ्यासारखाच काळा-पांढरा पाहिला.

आणि तुमच्या घरी तो काळा-पांढरा का दिसायचा तेही सांगतो. जपानची पद्धत एनटीएससी: ५२५ रेषा, सेकंदाला ६० फील्ड (म्हणजे अर्धी चित्रं). आपली पाल: ६२५ रेषा, ५० फील्ड. बाबांनी बाहेरून आणलेला व्हीसीआर दोन्ही कॅसेटी वाचणारा असणार, नाहीतर आवाजही धड आला नसता. पण टीव्ही फक्त पाल समजणारा. ६० फील्ड आले की चित्र सरकायचं, ते बटणाने थांबवता यायचं. रंगाचा संकेत मात्र त्याला उलगडायचा नाही, म्हणून तो रंग सोडून द्यायचा. रंग कॅसेटमध्ये होता. अजून आहे.

आता शांततेबद्दल, तू विचारलं नाहीस तरी. किंकाळ्या आहेत, नाही असं नाही. पण इतर ठिकाणच्या तुलनेत लोक खूपच आवरून बसलेत. अमेरिकेत त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. तेव्हा मंचावर गायकासमोर मॉनिटर स्पीकर ठेवायची पद्धतच रुळली नव्हती. बुडोकानला अचानक सगळं ऐकू आलं. त्यांचे सहकारी नील अ‍ॅस्पिनॉल यांनी पुढे सांगितलंय की आपण बेसूर वाजतोय हे चौघांच्या तिथे लक्षात आलं, आणि मग त्यांनी सुधारून घेतलं. ३० जूनची टेप हेडफोन लावून ऐक आणि मग १ जुलैची ऐक. पहिल्या टेपमधले आवाज जुळता जुळता राहतात, दुसरीत सावरलेत. गाणी अकराच, जेमतेम अर्धा तास. पण एका वाद्यवृंदाला स्वतःचं वाजणं पुन्हा ऐकू येऊ लागलं, ते या दोन टेपांच्या मधल्या वीस तासांत घडताना दिसतं. म्हणून मला ती नाकारलेली टेप जास्त मोलाची वाटते. निर्दोष मुद्रणं मी आयुष्यात खूप केली. असं एकही केलं नाही.

कॅनॉट_प्लेसचा_पाहुणा

एक भर. टोकियोहून ते मनिलाला गेले, तिथे फार वाईट अनुभव आला, आणि मग ६ जुलैला दिल्लीत उतरले. जॉर्ज हॅरिसनने कॅनॉट प्लेसच्या रिखी राम यांच्या दुकानातून सतार घेतली ती याच वेळी. म्हणजे बुडोकानचा शेवटचा कार्यक्रम आणि आपल्याकडची सतार यांत चारच दिवस. आपल्याकडे तेव्हा टीव्ही फक्त दिल्लीत होता, मुंबई केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं. महाराष्ट्रातल्या कुणाला त्या आठवड्यात टोकियोतली हलती चित्रं पाहायला मिळाली असतील तर फार तर थिएटरात, न्यूजरीलमध्ये.

हॉटेलातल्या कैदेबद्दलही लिहायला हवं. टोकियो हिल्टनमध्ये पोलीस त्यांना बाहेर सोडत नव्हते, तेव्हा चौघांनी एका मोठ्या कागदावर मधोमध दिवा ठेवून चारी कोपऱ्यांतून एकच चित्र रंगवलं. दिवा उचलल्यावर उरलेल्या पांढऱ्या गोलात सह्या केल्या. ते चित्र २०२४ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात १७ लाख डॉलरच्या वर गेलं. टीव्हीच्या कॅमेऱ्यांना त्या खोलीत प्रवेश नव्हता, रॉबर्ट व्हिटेकर यांनी काढलेले फोटो आहेत.

सुमिदाकाठी

आणखी एक चित्रण आहे! टोकियो पोलिसांनी स्वतः त्या बंदोबस्ताची फिल्म काढली होती. ती लोकांना पाहायला मिळावी म्हणून इथले चाहते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी मिळाली, पण बीटल्स सोडून बाकी सगळ्यांचे चेहरे पुसट करून. घरमालकीणबाईंना याचं फार वाईट वाटतं. त्यांची एक मैत्रीण विमानतळाच्या बाजूला गेली होती, तिला त्या शोधणार होत्या.

मुक्ता_गुहागर

काका, तुमचा प्रतिसाद काल रात्री तीन वेळा वाचला. मग हेडफोन लावून दोन्ही टेप लागोपाठ ऐकल्या. जॉर्जच्या गाण्यात माइक पळाला तेव्हा माझ्या तोंडून ‘परत पळाला’ निघून गेलं, घरात कुणी नसताना.

बाबांना त्यात रंग आहे हे माहीत नव्हतं. त्या मंचामागचा उजेड, जॉर्जचा चेहरा, हे त्यांनी कधी रंगात पाहिलं नाही. आईला दाखवलं. ती म्हणाली, ‘ह्यांनी टीव्ही बदलायला हवा होता, मी सांगत होते.’

कॅसेट अजून आहे. गुहागरच्या घरातल्या कपाटात, पावसाळे काढलेली. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर टेपच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात. ती संगणकावर उतरवता येईल का? इंटरनेटवर आहे हे कळतंय, पण मला बाबांचीच हवी आहे.

वरळीचा_ध्वनिवाला

येईल. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. कोकणातल्या कॅसेटींना ती धरतेच. कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालून बघू नकोस, हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) बुरशी लागेल आणि टेप अडकली तर चुरगळेल. कॅसेट उभी ठेव, सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात, आणि पुण्यामुंबईत टेप स्वच्छ करून देणाऱ्याकडेच ने. तो पाच स्क्रू काढून कवच उघडेल, बुरशी काढून रिळं नव्या कवचात बसवेल. जुनं कवच मागून घे, बाबांचं अक्षर त्यावर आहे.

आणि दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या सांग की कॅसेट एनटीएससी आहे. नाही सांगितलंस तर पालवर लावून उतरवतील, आणि पुन्हा काळी-पांढरीच हातात देतील. उतरवून झाली की पहिली दोन मिनिटं तिथेच उभी राहून बघ. काही अडलं तर इथे लिही, मी रोज रात्री येतो.