मदत हवी आहे: पुण्यात भाड्याने द्यायला वनबीएचके, वाघोली की वाकड?

खिडकीतला_कावळा:
रविवारी टोकन द्यायचंय, पटकन सांगा. दोन्हीकडचे फ्लॅट बघून झालेत. वाघोलीचा एजंट म्हणतो मेट्रो येतेय, भाडं दुप्पट होईल. "गुंतवणूकच कशाला" हे ज्ञान नको.

अडगळ:
बजेट? कर्ज? तयार फ्लॅट की बांधकाम चालू?

भोचक_मावशी:
कोथरूड घ्या. आमचा जुना फ्लॅट आठ वर्षांत महिनाभरही रिकामा नव्हता.

खिडकीतला_कावळा:
कोथरूड विचारलेलं नाही. वाघोली ४८ लाख, वाकड ६२. दोन्ही रीसेल. भाडं १४ आणि २० हजार सांगतात. मेंटेनन्स २५०० आणि ३५००.

चक्रवाढ:
एक महिना रिकामा धराच. वाकड: वर्षाचं भाडं २,२०,००० वजा मेंटेनन्स ४२,००० म्हणजे किमतीच्या २.९ टक्केसुद्धा नाही. वाघोली २.६. एफडी करा आणि झोपा.

अडगळ:
ज्ञान नको म्हणालेत ना ते! मेट्रोचं म्हणाल तर रामवाडी-वाघोलीला मंजुरी जून २०२५ची. वनाज-रामवाडीचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ला झालं, गाडी रामवाडीला पोचली मार्च २०२४ला. दुप्पट भाडं कुठल्या सालचं, ते एजंटला विचारा. आणि मे महिन्यातली टँकरची बिलं मागा.

लिफ्ट_बंद_आहे:
वाकडला आमच्या सोसायटीत "बॅचलरना फ्लॅट देऊ नये" असा कागद लॅमिनेट करून लिफ्टमध्ये आरशाखाली चिकटवलाय. वनबीएचके घेणार कोण, तर हिंजवडीला जाणारी पोरं. गिऱ्हाईकच कापलं! शिवाय नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते तो) मनाला येईल तेवढा लावतात. २००१च्या जीआरप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही. मी आठ महिने भांडलो, तेव्हा कुठे बिल सुधारलं.

चक्रवाढ:
भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये संध्याकाळी सातला उभं राहून बघा, मग वाकडचं बोला.

खिडकीतला_कावळा:
मी मस्कतला असतो, चौकात कुठे उभा राहू? प्रोफाइलमध्ये लिहिलंय की.

अडगळ:
प्रोफाइल कोण वाचतं हो! म्हणजे तुम्ही एनआरआय. भाडेकरूला तुमच्या भाड्यातून टीडीएस कापून भरावा लागणार, ते ऐकूनच काही जण पळतात. करार नोंदवायला पॉवर ऑफ अटर्नी कुणाला देणार? नळ गळला तर कोण जाणार?

खिडकीतला_कावळा:
धाकटा भाऊ आहे, वाकडलाच राहतो. त्याचा प्रश्न नाहीये.

अडगळ:
त्याचाच तर प्रश्न आहे! वाकड घ्या. पण आधी लिफ्टमधला कागद वाचून यायला सांगा त्याला.

भोचक_मावशी:
भाऊ कोथरूडला राहायला येतो का, विचारून बघा ना.