ओव्हलला तिसऱ्या नंबरवर कोण? आणि माणसाला किती डाव द्यायचे?

रामबागवाली_काकू (इंदूर), २८ जुलै २०२५

नमस्कार मंडळी. इंग्लंडसमोरची मँचेस्टरची कसोटी वाचली एकदाची. दुसऱ्या डावात पहिल्याच षटकात शून्यावर दोघे गेले तेव्हा मी टीव्ही बंद करून चहा टाकायला उठले होते. मग राहुल-गिल चिकटले, मग जडेजा-सुंदर. इंग्लंडचा कर्णधार स्टोक्स सामना अनिर्णित मानून हात मिळवायला पुढे आला आणि आपल्यांनी खेळ चालूच ठेवला, ते तर रात्री पुन्हा लावून बघितलं.

आता गुरुवारपासून ओव्हल, आणि आपण २-१ ने मागे. प्रश्न आमच्या घरातला आहे पण इथे विचारते. जावई नागपूरचे. करुण नायरने यंदाच्या रणजीत विदर्भाकडून ८६३ धावा केल्या, फायनलला शतक मारलं, तेव्हापासून तो त्यांच्या घरचाच झालाय. मला मात्र साई सुदर्शन हवा. बाईस-तेईस वर्षांचा पोरगा आहे, आज नाही खेळवलं तर कधी?

मी स्कोअरच्या वहीत धावांशेजारी बाद कसा झाला तेही लिहिते, जुनी खोड. त्यात करुणचं असं दिसतं: लीड्सला सहाव्या नंबरवर ० आणि २०, एजबॅस्टनला तिसऱ्यावर ३१ आणि २६, लॉर्ड्सला ४० आणि १४. प्रत्येक वेळी बरा दिसतो, स्थिरावतो आणि जातो. लॉर्ड्सच्या दुसऱ्या डावात तर कार्सचा आत येणारा चेंडू बॅट वर उचलून सोडला आणि पायचीत झाला. साई लीड्सला ० आणि ३०, लगेच बाहेर. मँचेस्टरला परत आणला तर ६१ आणि ०.

आम्ही इंदूरवाले या बाबतीत पोळलेलो आहोत. २०२४ मध्ये इंग्लंडसमोर कोहली नाही म्हणून आमच्या रजत पाटीदारला घेतलं. पोराचे सहा डाव: ३२, ९, ५, ०, १७, ०. धर्मशाळेला त्याचा घोटा दुखावला, पडिक्कल आला, पहिल्याच डावात ६५ करून गेला. रजतचं कसोटीचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.

तर विचारायचं हे की किती डाव दिल्यावर ‘याचा फॉर्म गेला’ म्हणायचं? आणि संघ ठरवताना ही मंडळी नेमकं बघतात तरी काय?

पेठेतला_पंच

काही बघत नाहीत. पुढचा प्रश्न.

मोतीबाग_एंड (बडोदे)

काकू, पेठेतल्यांचं सोडा.

आधी एक फरक. १८ जणांचा संघ आगरकरांची निवड समिती ठरवते, अकरा कोण हे कर्णधार गिल आणि प्रशिक्षक गंभीर ठरवतात. रजतला समितीने पुढे विचारात घेतलं नाही. साईला लीड्सनंतर अकरातून काढलं. दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत.

साई ० आणि ३० मुळे गेला असं मला वाटत नाही. लीड्स आठवा. आपली पाच शतकं झाली आणि तरी हरलो. पहिल्या डावात शेवटचे ७ गडी ४१ धावांत, दुसऱ्यात ६ गडी ३१ धावांत. त्याची धास्ती बसली. एजबॅस्टनला साई, शार्दूल आणि बुमराह बाहेर, नितीश रेड्डी, सुंदर आणि आकाशदीप आत. म्हणजे खालची फलंदाजी लांबवायला वरचा एक फलंदाज कापला आणि करुणला सहावरून तिसऱ्यावर सरकवला. कुलदीप चारही कसोट्या पाणी घेऊन धावतोय तोही याच हिशेबात. तिसरा नंबर सध्या भाड्याच्या खोलीसारखा आहे, मालकाला जागा लागली की भाडेकरूने सामान उचलायचं.

आता फॉर्म. तुम्ही बाद होण्याची पद्धत लिहिता हे चांगलं, पण शेजारी गोलंदाजही लिहा. साई चार डावांत तीनदा स्टोक्सला बाद झालाय आणि तिन्ही वेळा लेग साइडला. लीड्सला आधी लेगवरून जाणारा चेंडू कीपरकडे, मग मिडविकेटला झेल, मँचेस्टरला हुक करताना लाँगलेगला. एकाच गोलंदाजाने एकच सापळा लावलाय. करुणला एजबॅस्टनच्या दोन्ही डावांत कार्सने काढला, लॉर्ड्सच्या दुसऱ्या डावात परत कार्सनेच. खेळपट्टीवर आपटून उसळणारा चेंडू त्याला झेपत नाही. २०, ३१, २६, ४० या धावांत ते दिसत नाही, दिसतं ते बॅकफूटवर अडकलेल्या पायांत.

(बाकी होळकर संघाच्या गावातून प्रश्न आलाय म्हणून सांगतो, १९४७ च्या रणजी फायनलला आमच्या हजारे आणि गुल महंमदने तुमच्यासमोर ५७७ ची भागीदारी केली होती. सहज आठवलं.)

रामबागवाली_काकू (इंदूर)

सहज बरं आठवतं तुम्हा बडोदेकरांना! आमच्याकडे सी. के. नायडू आणि मुश्ताक अली होते एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

गोलंदाजाचं पटलं. पण मग रजतचं काय? विशाखापट्टणमला ३२ वर होता, रेहान अहमदला चांगला बचाव केला तर चेंडू बॅटला लागून मागे गडगडत स्टंपवर गेला. हा काय फॉर्म म्हणायचा? पुढे राजकोटला हार्टलीचा आखूड चेंडू सरळ मिडविकेटच्या हातात दिला, ती चूक त्याची. स्कोअरकार्डवर दोन्ही सारखेच, बाद म्हणजे बाद. टीव्हीवर बघणाऱ्याला तरी कळायला हवं ना, कोणती विकेट गोलंदाजाची आणि कोणती नशिबाची.

आणि खेळपट्टी? २०२३ ला होळकर स्टेडियमवर ऑस्ट्रेलियासमोर पहिल्या दिवशी जेवणाला आपण ७ बाद ८४ होतो, १०९ वर आटोपलो. आमच्या शेजारचे आजोबा पैसे परत मागत होते. त्या डावावरून कुणाचा फॉर्म ठरवाल? त्याच मैदानावर २०१६ मध्ये कोहलीने २११ आणि रहाणेने १८८ केल्या होत्या.

वऱ्हाडी_ऑफस्टंप (नागपूर)

आई, तुम्ही इथे लिहिलंय हे हिने आत्ता सांगितलं. आता उत्तर देणं भाग आहे.

रहाणेचा विषय तुम्हीच काढलात. इंदूरच्या त्या १८८ नंतर दोन महिन्यांत रहाणे जखमी झाला, करुणला जागा मिळाली आणि चेन्नईत त्याने नाबाद ३०३ केल्या. पुढच्या कसोटीत रहाणे बरा होऊन आला आणि करुण बाहेर! त्रिशतकानंतर लगेच. मग ऑस्ट्रेलियासमोर चार डाव, २६, ०, २३, ५, आणि आठ वर्षं संपली. साईला पुढची दहा वर्षं आहेत, करुण तेहतीसचा आहे. तुम्ही डावांबद्दल विचारता, पण वयाप्रमाणे डाव मोजायचे की नाही?

बडोदेकरांचं कार्सबद्दल मान्य. लॉर्ड्सचे ४० मात्र बघा. रूटने स्लिपमध्ये डाव्या हाताने जमिनीलगत पकडलेला झेल, तो त्याचा २११ वा, द्रविडचा विक्रम मोडणारा. असा झेल दुसऱ्या कुणाकडे गेला असता तर करुण खेळत राहिला असता.

मोतीबाग_एंड (बडोदे), ३० जुलै

इंग्लंडचा संघ आला. स्टोक्स खांद्यामुळे बाहेर, कार्स नाही, आर्चर नाही. म्हणजे साईला छळणारा आणि करुणला छळणारा, दोघेही नाहीत. पंतच्या पायाचं हाड मोडलंय, शार्दूलची जागाही हलू शकते. उद्या दोघेही खेळले तर नवल वाटायला नको. काकू, सासू-जावयाचं भांडण मिटलं म्हणायचं.

पेठेतला_पंच

आणि दोघेही अपयशी ठरले तर?

रामबागवाली_काकू (इंदूर), ५ ऑगस्ट

काल संध्याकाळपासून फोन थांबत नाहीये. सहा धावांनी जिंकलो! शेवटच्या दिवशी आपल्याला चार गडी हवे होते आणि इंग्लंडला ३५ धावा, आणि त्यांचा वोक्स खांदा निखळलेला असताना एका हाताने खेळायला आला. ब्रूक १९ वर असताना त्याचा झेल घेताना सिराजचा पाय सीमारेषेच्या दोरीवर पडला, ब्रूक १११ करून गेला, आणि शेवटी सिराजनेच पाच काढल्या. पाचही कसोट्या खेळला तो, २३ बळी. बुमराह तीनच खेळणार हे आधीपासून ठरलेलं होतं, पण सिराजला कोणी विचारलंच नाही थकलास का म्हणून.

तर आपला विषय. दोघेही खेळले, साई तिसरा आणि करुण पाचवा. साई ३८ आणि ११, करुण ५७ आणि १७. ५७ वर जावयांचा फोन आला तेव्हा मीच आधी अभिनंदन केलं, चेन्नईनंतर पहिल्यांदा पन्नास ओलांडले त्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचच धावा वाढवून गेला ते मी बोलले नाही.

मोतीबागवाले, तुमची पद्धत लावून बघितली. कार्स नव्हता, वोक्सही पहिल्या दिवशीच गेला, म्हणजे ५७ समोर गोलंदाजी होती टंग, अॅटकिन्सन आणि ओव्हर्टनची. मग हा फॉर्म परत आला म्हणायचं की सोपा पेपर मिळाला? हिरवी खेळपट्टी, ढग, २२४ वर सगळे बाद, त्यात एकट्याने पन्नास. मी म्हणते फॉर्म. ऑक्टोबरात वेस्ट इंडिज येतंय तेव्हा समिती काय म्हणते ते दिसेलच, पण तिथे खेळपट्ट्या फिरणार आणि परत सगळं पहिल्यापासून मोजायचं.

आणि एक राहिलं. दुसऱ्या डावात नाइट वॉचमन म्हणून, म्हणजे दिवस संपताना मुख्य फलंदाजाला वाचवायला आलेल्या गोलंदाज आकाशदीपने ६६ केल्या. ओव्हलला साई आणि करुण, दोघांपैकी एकाच्याही एका डावात तेवढ्या नाहीत. यावर कोणीच कसं काही बोलत नाही?