नाहुआ शब्द, युरोपीय ठसे : 'साल्मोदिया क्रिस्तियाना' हे काव्य कोणाचे?

मूळ मत :
फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे स्पॅनिश धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साहागून यांचे 'साल्मोदिया क्रिस्तियाना' हे नाहुआत्ल, म्हणजे मेक्सिकोच्या मूळ रहिवासी नाहुआ लोकांच्या भाषेतील सचित्र गीतपुस्तक १५८३ मध्ये स्पेनच्या सत्तेखालील मेक्सिको शहरात पेद्रो ओचार्ते यांच्या छापखान्यात छापले गेले. नाहुआ लोकांनी सणावारी नाचताना जुन्या देवांची गाणी सोडून हीच गीते म्हणावीत, हा आपला हेतू साहागून प्रस्तावनेत उघडपणे सांगतात. त्यामुळे या पुस्तकाला 'नाहुआ काव्य' म्हणणे मला मान्य नाही. चित्रे पाहिल्यावर तर शंकाच उरत नाही. गीतांमध्ये केत्साल हा तिथला हिरव्या पिसांचा पक्षी येतो, पण शेजारी लाकडी ठशावरून उमटलेला संत संपूर्णपणे युरोपातला असतो. याच साहागून यांच्या बारा खंडांच्या इतिहासग्रंथासाठी काही वर्षांपूर्वी नाहुआ चित्रकारांनी दोन हजारांहून अधिक चित्रे काढली होती. मग या पुस्तकात त्यांच्या हाताला जागा का मिळाली नाही?

प्रतिसाद १ :
असहमत. त्या काळी मुद्रक एकदा मिळवलेले ठसे अनेक पुस्तकांसाठी वापरत असत. त्यामुळे चित्रांवरून छापखान्याच्या कपाटात काय होते ते कळते, कवीच्या मनात काय होते ते नव्हे. नाहुआत्लमध्ये काव्याला 'इन शोचित्ल, इन क्विकात्ल', म्हणजे 'फूल, गाणे', असे म्हणतात, आणि ईस्टरच्या गीतात फुले व पक्षी ज्या थाटाने येतात तो थाट जुन्या दरबारी गाण्यांचाच आहे. साहागून यांना भाषेच्या कामात साहाय्य करणारे नाहुआ विद्वान मेक्सिको शहरातील त्लातेलोल्कोच्या सांता क्रूझ विद्यालयात (स्थापना १५३६) लॅटिन शिकले होते, पण गाण्याचा कान त्यांनी घरूनच आणला होता. आपण गोव्यातील राशोलला १६१६ मध्ये छापलेले फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीचेच मानतो ना? कवी इंग्रज होता, आणि पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाकडे असल्याने गोव्यावरही तेव्हा त्याचीच सत्ता होती. तरी ओवी आपलीच राहिली.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर :
ठशांविषयीचा मुद्दा मान्य. ख्रिस्तपुराणाची तुलना मात्र माझ्याच बाजूची आहे. आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही, अशी विचारणा त्या ग्रंथातच येते. दोन्ही काव्ये बंदीच्या पोटी जन्मली. ओवीचे सौंदर्य मी नाकारत नाही, पण ज्यांची गाणी हिरावून घेतली त्यांना ती पर्याय म्हणून देण्यात आली, हे विसरून तिचा गौरव करता येणार नाही.

प्रतिसाद २ :
हिरावून घेणे पूर्णपणे साधले नाही, याची कबुलीही त्याच प्रस्तावनेत आहे : बहुतेक ठिकाणी लोक आपल्या घरांत पुन्हा जुनी गाणी म्हणू लागतात, असे साहागून खेदाने लिहितात. शिवाय मिशनऱ्यांचे हत्यार एवढीच या पुस्तकाची ओळख असती, तर चर्चने ते जपले असते. प्रत्यक्षात अठराव्या शतकात फ्रान्सिस्कन पंथाच्याच एका ग्रंथपालाने, पवित्र शास्त्रातील मजकूर देशी भाषेत आणल्याचा आक्षेप घेऊन, या पुस्तकाविरुद्ध तक्रार केली आणि हाती लागलेल्या प्रती नष्ट केल्या. पानोपानी युरोपीय संत छापलेले असूनही त्याला खुपले ते नाहुआ शब्द.