यवतेश्वर घाट आणि कच्च्या वाटांसाठी पहिली एमटीबी (डोंगरी वाटांची सायकल) कोणती घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

राहायला साताऱ्यात, समर्थ मंदिराजवळ. सध्या भावाची गिअरची सायकल घेऊन सकाळी बोगद्यातून यवतेश्वरपर्यंत जातो. डांबरावर भागतं, पण घाट चढून वर आलं की वाड्यावस्त्यांकडे फुटणाऱ्या मुरमाच्या वाटा फार खुणावतात. (कासच्या पठारावर सायकल घालणार नाही, तिथली फुलं चाकाखाली जाता कामा नयेत.)

उंची ५ फूट ७ इंच, बजेट ३५ हजार, फार तर ४०. दुकानदार याच पैशांत पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली दाखवतोय. मला मात्र चढाला दम लागतो आणि उतारावर ब्रेक दाबून हात भरून येतात. काय बघून घेऊ? पुढे तीन चेनरिंग (पायडलजवळच्या दातेरी चकत्या) बऱ्या की एकच?

उत्तर:
दादा, या पैशांत मागचा शॉकअप अजिबात घेऊ नका. तिथे नुसती जड स्प्रिंग मिळते आणि चढाला पायडलचा जोर तिच्यातच जिरतो. फक्त पुढे सस्पेन्शन असलेली हार्डटेल घ्या आणि वाचलेला पैसा ब्रेकवर घाला. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेकच हवेत. एका बोटावर लागतात, घाट उतरताना हात दुखत नाहीत. केबलच्या डिस्कमध्ये आपल्या पावसाळ्यातला चिखल शिरला की केबल जड होते.

चेनरिंगचं म्हणाल तर हिशोब करा. पुढे २२ दात, मागे ३२, म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाकाची ०.६९ फेरी. पुढे एकच ३२ ची, मागे ४६, म्हणजे ०.७०. चढाला दोन्ही सारख्याच हलक्या. एकच असेल तर पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) नाही, बिघडायला एक वस्तू कमी. पण मागे ३४ पर्यंतच दात असतील तर एक चेनरिंग यवतेश्वरला पुरणार नाही.

चाक २९ इंची घ्या, दगडावरून सहज जातं. तुमच्या उंचीला बहुतेक मीडियम फ्रेम बसेल, पण चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि मागे फ्रीव्हील (दातेरी चकत्या आणि फिरकी एकत्र, हबवर आट्यांनी बसवलेली) आहे की कॅसेट (फिरकी हबमध्येच, वर नुसत्या चकत्या), हे आवर्जून विचारा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे खड्ड्यात आदळून एक्सल (चाकाचा मधला दांडा) वाकतो.

धागाकर्ता:
मनापासून आभार! त्याच दुकानात हायड्रॉलिक ब्रेकची हार्डटेल आहे, पण मागे फ्रीव्हील निघालं. नंतर कॅसेट बसवता येईल का?

उत्तर:
त्यासाठी मागचा हबच बदलावा लागतो, म्हणजे चाक नव्याने बांधणं आलं. त्यापेक्षा ४० पर्यंत ताणा आणि कॅसेटचीच घ्या.