अनुभव धागा: हाँगकाँगचे मारामारीवाले पोलीस आणि आपण

भाड्याचा_व्हीसीआर

गणपतीत आमच्या गल्लीचं मंडळ व्हीसीआर भाड्याने आणायचं. पहिला पिक्चर पौराणिक. तो संपून आज्या-काकवा उठल्या की रात्री बारानंतर 'जॅकीचा', म्हणजे हाँगकाँगच्या जॅकी चॅनचा. कॅसेट इतकी घासलेली की पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग कुणीतरी झाकण उघडून हेडवर कोरी नोट घासायचं, तेवढ्यात दुसरा चहा सांगून यायचा.

त्या रात्री 'पोलीस स्टोरी' (१९८५) लागला. डबिंग इंग्रजीत, आम्ही सातवीतली पोरं, ओ की ठो कळेना. पण एका प्रसंगाला कळायचं काही नव्हतंच. जॅकीची बदली आडगावच्या चौकीत झालेली. एकटाच. तीन-चार फोन एकदम वाजतायत, एक कानाला, एक खांद्यात, वायरींचा गुंता गळ्याभोवती. त्यातच नूडल्स खायचेत आणि काड्या नाहीत, म्हणून दोन पेन्सिली. शेजारच्या निवृत्त हवालदार काकांना हसून हसून ठसका लागला. म्हणाले, "अरे, हे तर आमचंच ठाणं!"

हाणामारी आणि पोटभर हसू एकाच ताटात वाढणाऱ्या या हाँगकाँगी पोलीसपटांचे तुमचे अनुभव लिहा. दोन पोलिसांची जोडगोळी असेल तर दुधात साखर.

बोटीवरचा_बाप्या

कामानिमित्त तीन वर्षं हाँगकाँगला होतो. पहिल्याच रविवारी त्सिम शा त्सुई पूर्वेला जाऊन विंग ऑन प्लाझा हा मॉल शोधला. 'पोलीस स्टोरी'ची शेवटची मारामारी तिथली. दुकानं बंद झाल्यावर रात्री शूटिंग चालायचं. दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून जॅकी खाली घसरतो, त्यात त्याचे तळहात भाजले, कंबरेलाही मार बसला. काचा तर इतक्या फुटल्या की स्टंटवाली मंडळी पिक्चरला 'ग्लास स्टोरी' म्हणायची.

मी आत मान वर करून तो खांब शोधत होतो. ऑफिसातला तिथलाच एक मित्र सोबत होता, तो लाजून चार पावलं मागे थांबला! त्याच्याकडून एक कळलं: तिकडे पोलिसाला 'आ सर' म्हणतात आणि बाई अधिकारी असेल तर 'मॅडम'. आपल्या 'साहेब'सारखंच. आदरानेही म्हणता येतं आणि चिडवायलाही.

काता_कुमिते

बाप्यादादा, या 'मॅडम'वरूनच लिहिते. मी नाशिकला कराटे शिकत होते. आमच्या सरांचं ठाम मत, मुलींनी काता (एकटीने करायचे ठरलेले डाव) करावा, कुमिते (समोरासमोरची लढत) पोरांसाठी. मी रडकुंडीला आलेले. तेव्हा मावसभावाने 'येस, मॅडम' (१९८५) दाखवला. दिग्दर्शक कॉरी युएन. मिशेल यो हाँगकाँगची इन्स्पेक्टर, सिंथिया रॉथरॉक परदेशातून आलेली. सुरुवातीला दोघींचं पटत नाही आणि शेवटी दोघी मिळून अख्खा बंगला झोडपतात. मध्ये लुडबुडणाऱ्या तीन भुरट्या चोरांची नावं तर अ‍ॅस्पिरिन, स्ट्रेप्सिल आणि पॅनाडोल! चोर का औषधाचं दुकान?

मिशेलबाई मूळच्या बॅलेवाल्या, हे पुढे वाचलं आणि मग त्यांची लाथ वेगळी का दिसते ते उमगलं. पाय हाणायला उचलल्यासारखा वाटतच नाही, आधी तो नुसता लांबतो. 'पोलीस स्टोरी ३' (१९९२) मध्ये त्या चीनच्या मुख्य भूमीवरून आलेल्या शिस्तीच्या अधिकारी, जॅकी हाँगकाँगचा उडाणटप्पू. मोटरसायकल घेऊन चालत्या रेल्वेवर उडी मारतात त्या बाई, जॅकी नव्हे. मी ती उडी रिवाइंड करकरून आईला दाखवली. आई म्हणाली, "बरं, पण आधी दहावी."

(कुमिते केलं. हरले. पण केलं.)

तीनताल

मी मारामारीतला नाही, तबल्यातला. पण या पिक्चरमध्ये माझा कान आधी जागा होतो. ठोसे सलग नसतात. चार-पाच खटाखट, मग क्षणभर सगळं गोठतं, दोघं एकमेकांकडे बघतात आणि पुन्हा सुरू. तिहाई घेऊन समेवर यावं तसं. हे आलंय पेकिंग ऑपेरातून, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या जुन्या चिनी नाटकातून. जॅकी चॅन, सामो हंग, युएन बियाओ तिघेही यू जिम-युएन या गुरूंच्या शाळेत लहानपणापासून राहून शिकलेले. त्या ऑपेरात उड्या मारून झाल्या की नट झांजेच्या ठोक्यावर पवित्रा घेऊन थांबतो. तेच पोलीसपटात उतरलं, फक्त झांजेच्या जागी खुर्ची मोडते.

आणि विनोदही त्या थांबण्यातच असतो. ठोसा लागतो तेव्हा आपण हसत नाही. मारणारा स्वतःचा हात झटकत 'आई गं' करतो, तेव्हा हसतो. 'स्किनी टायगर, फॅटी ड्रॅगन' (१९९०) मध्ये सामो एवढं मोठं पोट घेऊन ब्रूस लीची नक्कल करतो. अंगठ्याने नाक उडवणं, ती किंचाळी, सगळं. जोडीला टकलू कार्ल माका. नक्कल असूनही एकेक लाथ सुरात.

खडूस_आत्या

सगळे गोडगोड लिहिताहेत म्हणून हे. 'विनर्स अँड सिनर्स' (१९८३) आणि त्यापुढचे 'लकी स्टार्स'वाले पिक्चर लेकीबरोबर बघायला बसले. जॅकी पोलीस, रोलर स्केट्सवर हायवेवर पाठलाग, ट्रकच्या खालून आरपार, मागे गाड्यांचा ढीग. लेक टाळ्या वाजवतेय. आणि पुढे पाच बाप्ये मिळून एका बाईला हात लावायच्या युक्त्या करतायत. मी रिमोट शोधत बसले. तेव्हाही ते भिकारच होतं, 'काळ वेगळा होता' हे मला सांगू नका. लाथा बघा, बाकीचं पुढे पळवा.

भाड्याचा_व्हीसीआर

आत्या, मान्य. आमच्या मंडळातही तसं काही आलं की कुणीतरी टीव्हीसमोर उभं राहायचंच.

काकांचं राहिलं. 'पोलीस स्टोरी' संपला आणि नावांबरोबर शूटिंगची दृश्यं सुरू झाली. कुणी काचेतून पडतोय, कुणाला उचलून नेतायत. काका टोपी घालून निघालेले, ते दारातच थांबले.

"हे खरं लागलेलं?"

"हो काका."

बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मेडिकल बिल पास होतं का रे यांचं?"